प्रेमिलाबाईंच्या मोबाईलवरचा देव

एक समई घासून झाली होती. दुसरीला चिंच लावून ती तशीच मोरीत ठेवली होती, आणि माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, तेवढ्यात प्रेमिलाबाई मागच्या दाराने आल्या. एरवी त्या पुढून येतात. चपला काढतात, "माया, आहेस का वं घरी?" म्हणतात आणि उत्तराची वाट न पाहता आत येऊन बसतात. त्या दिवशी मागून आल्या, न बोलता ओट्याशी उभ्या राहिल्या, पदराखालून एक पुडकं काढलं आणि तांदळाच्या डब्यावर ठेवलं. नॅपकिनमध्ये गुंडाळलेला त्यांचा मोबाईल होता.

"याले बंद करून दे," त्या म्हणाल्या.

"काहून? बिघडला का?"

"बिघडला असता तं बरं झालं असतं. याच्यातलं ते बंद कर. जे मी लावलंच नाही ते."

मी हात धुतले. ती समई मग दोन दिवस तशीच चिंचेत राहिली.

प्रेमिलाबाई आमच्या घरापासून तीन घरं सोडून राहतात. झिंगाबाई टाकळीच्या या गल्लीत त्यांना अकरा वर्षं झाली. गेल्या पंधरा दिवसांत त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं, आणि ते बोलणाऱ्या बायका त्यांच्याच पाठीमागे बसून इतकी वर्षं भजन म्हणत आल्या आहेत. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं म्हणतात, पण वाईट बोललेलं जात नाही. म्हणून खरं काय झालं ते मी वहीत नीट लिहून ठेवते आहे.

त्यांचं माहेर कळमेश्वरच्या पुढे, आडबाजूच्या एका गावात. कापसाची आणि तुरीची शेती. शाळा सातवीपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या खापरखेड्याला आल्या. मारोतराव तिथल्या पॉवर हाऊसमध्ये कामाला होते. कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, दारात तुळस. त्या तुळशीवर रोज पॉवर हाऊसच्या कोळशाची राख बसायची. प्रेमिलाबाई रोज सकाळी ओल्या फडक्याने तुळशीचं एकेक पान पुसायच्या आणि मग पाणी घालायच्या. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. त्या म्हणाल्या, "हासतेस काय? तोंड न पुसता आपण लेकराले जेवाले देतो का?"

त्या कॉलनीत त्यांनी चार बायकांना घेऊन भजनाचं मंडळ सुरू केलं. खंजिरी नव्हती तेव्हा स्टीलच्या ताटावर ठेका धरला. बायकांना वेळ मिळायचा दुपारी, आणि दुपारी निम्म्या क्वार्टरांत रात्रपाळी करून आलेले पुरुष झोपलेले असायचे. म्हणून या बायका खालच्या आवाजात गायच्या. तीच सवय प्रेमिलाबाईंना लागली. आजही त्या पहिलं भजन इतक्या खालून उचलतात की नव्या बाईला वाटावं, यांचा गळा बसला आहे. पण मग एकेक आवाज त्यात मिसळत जातो आणि शेवटच्या कडव्यापर्यंत कुणाचाच आवाज फाटत नाही. मारोतराव निवृत्त झाल्यावर ते इकडे आले आणि आमच्या देवळातलं मंडळही त्यांनीच बांधलं. खापरखेड्याची बावीस आणि इथली अकरा, अशी तेहतीस वर्षं कार्तिकातल्या काल्याला पहिलं भजन प्रेमिलाबाई उचलतात. चार वर्षांमागे मारोतराव गेले, त्या वर्षीसुद्धा त्यांनीच उचललं. डोळे कोरडे होते, आवाज खाली होता, आणि आम्ही सगळ्या मागे रडत होतो.

आता त्या गुरुवारचं सांगते.

कार्तिक लागला की पहाटे देवळात काकडा असतो आणि दर गुरुवारी दुपारी एकेकीच्या घरी भजन. त्या गुरुवारी कामिनीबाईंकडे होतं. कामिनीबाई म्हणजे मनोहररावांच्या मिसेस. मनोहररावांचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान आहे. घर मोठं, हॉल मोठा, सोफे भिंतीला सरकवले तर वीस बायका आरामात मावतात. मंडळाचा मोबाईलवरचा ग्रुपही कामिनीबाईच चालवतात.

आमच्या मंडळाचा विठ्ठल-रुखमाईचा एक फ्रेमचा फोटो आहे. ज्या घरी भजन होतं त्या घरी तो पुढच्या गुरुवारपर्यंत राहतो, आणि तिथून पुढच्या घरी जातो. त्याच्यापुढेच बसायचं, हा मंडळाचा नेम. तो फोटो होता मागच्या गुरुवारी भजन झालं त्या सिंधूताईंकडे, आणि सिंधूताई घराला कुलूप लावून लेकीकडे गेलेल्या. कामिनीबाईंचं देवघर स्वयंपाकघरात, भिंतीत बसवलेलं. ते काही हॉलमध्ये आणता येत नव्हतं. बायका जमल्या, चौरंग मांडला, आणि चौरंगावर देवच नाही.

तेव्हा प्रेमिलाबाई म्हणाल्या, "थांबा वं. आपला हाच फोटो माह्या मोबाईलमधे आहे."

खरंच होता. त्यांनी स्वतः काढलेला. सकाळी मोबाईल हातात घेतला की पहिल्यांदा देव दिसावा म्हणून तो त्यांनी वर लावून ठेवला होता. त्यांनी तो उघडला, तांब्याला टेकवून मोबाईल चौरंगावर उभा केला, पुढे झेंडूचं फूल ठेवलं. कामिनीबाईंनी स्वतःच्या बोटाने मोबाईलच्या कडेला हळदकुंकू लावलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर त्या हे विसरल्या.

भजन सुरू झालं. दोन झाली, तिसरं चाललं होतं. प्रेमिलाबाईंचे डोळे मिटलेले, हातात खंजिरी. मोबाईल आपोआप विझला, जसा विझतोच. कामिनीबाईंची सून रितिका उदबत्ती बदलायला आली होती. तिला वाटलं देव अंधारात नको, म्हणून तिने बाजूचं बटण दाबलं.

विठ्ठल-रुखमाई नाही आले. आली एक बाई. समुद्राच्या काठी, पोहायच्या कपड्यांत, आणि ते कपडेही नावालाच. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की या नटीची दहा बोल्ड रूपं आहेत, आणखी पाहा.

पुढच्या ओळीत शामला आजी बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने अर्धवट. चौरंगावर उजेड आलेला पाहून त्यांना वाटलं देव परत आला. त्यांनी पुढे सरकून दोन्ही हात टेकवून नमस्कार केला, आणि पडलेलं फूल उचलून पुन्हा त्या बाईपुढे नीट ठेवलं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली. खंजिरी थांबली तेव्हा प्रेमिलाबाईंनी डोळे उघडले. सगळ्यांत शेवटी त्यांनी पाहिलं.

कामिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल उचलून पालथा टाकला आणि म्हणाल्या, "माह्या घरात. देवाच्या चौरंगावर."

"मी नाही लावलं हे," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "चार-सहा दिवसांपासून कधी डोंगर येते, कधी फूल येते. मले वाटलं, असंन काही."

"डोंगर येते ते वेगळं बाई. आमचा पोरगा सांगते ना, मोबाईल तेच दाखवते जे माणूस पाह्यते. त्याले सगळं समजते."

झालं. अठरा बायका ऐकत होत्या. प्रेमिलाबाईंनी मोबाईल उचलला, खंजिरी पिशवीत टाकली आणि प्रसाद न घेता निघाल्या. मी त्यांच्यामागे गेले नाही. चहा यायचा होता म्हणून बसून राहिले. हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी ग्रुपवर कामिनीबाईंचा निरोप आला. "यंदा काल्याला पहिलं भजन उन्नतीताई उचलतील. काही कारणास्तव बदल केला आहे. सर्वांनी नोंद घ्यावी." उन्नतीताई आमच्याच मंडळातल्या. त्या निरोपाखाली एकेकीने जोडलेले हात टाकले. मीही टाकले. पोळ्या लाटत होते, पुरतं वाचलं नाही, ग्रुपवर काही आलं की हात जोडायची सवयच झाली आहे. रात्री यांनी विचारलं, "काही कारणास्तव मंजे काय?" तेव्हा मी परत वाचलं, आणि मला माझ्याच हातांची लाज वाटली.

काही कारणास्तव. एखादीने चोरी केली असती तर निदान चोरी म्हणाले असते. हे असं अर्धवट लिहिलं की उरलेलं लोक आपापल्या मनाने भरतात. तसंच झालं. भाजीवाल्यापाशी, डेअरीवर, काकड्याहून परतताना. कुणी म्हणे, वयाचा तरी विचार करावा माणसानं. कुणी म्हणे, एकट्या राहतात ना, वेळ जात नसंन. हे शेवटचं जिने म्हटलं तिचं नाव मला माहीत आहे. तिच्या बाळंतपणात सव्वा महिना प्रेमिलाबाईंनी तिला डिंकाचे लाडू नेऊन दिले होते.

प्रेमिलाबाई काकड्याला येत राहिल्या, पण पुढे बसेनात. खांबापाशी, चपलांच्या जवळ बसायच्या. तोंड उघडायचं नाही. माझ्याकडे त्या पुडकं घेऊन आल्या तो आठवा दिवस होता.

"सुशीलले विचारलं का?" मी म्हटलं. सुशील त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. मोबाईल त्यानेच पैसे पाठवून घ्यायला लावला होता.

"विचारलं. म्हणे, आई तू पाहू नको ना तिकडे, सगळ्यांच्याच फोनमधे येते. मी म्हटलं, बाबा, मी कुठी पाहून राहिली, ते मले पाहून राहिलं. तं हासला."

"मंग दुकानात जाऊ."

सदर भागातल्या ज्या दुकानातून मोबाईल घेतला तिथेच दोघी ई-रिक्षाने गेलो. दुकानदार आमच्या वयाचा गृहस्थ, कपाळाला अष्टगंध, गल्ल्यामागे गणपती. मला बरं वाटलं, हा समजून घेईल. त्याने मोबाईल हातातही घेतला नाही.

"काकू, ये तो कंपनी का फीचर है. फ्री में आता है. लोग मजे से देखते हैं."

"आमाले नाही पाह्याचं," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"तो मत देखो. ऊपर सरका दो, गया."

"ते येतेच काहून पण? मी बोलावलं होतं का?"

तो हसला. "बिलकुल हटाना है तो फॉर्मेट मारना पड़ेगा. सब साफ हो जाएगा."

"सब मंजे? यांचे फोटो?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"सब मतलब सब."

मारोतरावांचे जुन्या मोबाईलमधले फोटो आता याच मोबाईलमध्ये होते. प्रेमिलाबाईंनी मोबाईल उचलला आणि आम्ही बाहेर पडलो. रिक्षात बसल्यावर त्यांनी मोबाईल परत नॅपकिनमध्ये गुंडाळला. मग म्हणाल्या, "एखादा माणूस आपल्या घरात येऊन भिंतीवर त्याचं कॅलेंडर टांगून गेला. आपण म्हटलं, काढ रे बाबा. तं तो म्हणते, काढाचं असंन तं घर पाडा लागते. असं झालं हे."

मला इतका राग आला होता की जपाची माळ हातात घेतली तरी मणी पुढे सरकेना. मी म्हटलं, "आपण शोधू. पोथीचे एवढाले अध्याय वाचतो, हे काय जड आहे?"

दुसऱ्या दिवशी वरणाला कुकर लावून आम्ही दोघी ओट्याशी चष्मे लावून बसलो. आधी मोबाईलची भाषा मराठी केली, म्हणजे समजेल. तर ते मराठी असं की 'प्रदर्शन', 'वैयक्तिकृत अनुभव', 'पसंती व्यवस्थापित करा'. प्रेमिलाबाई म्हणाल्या, "हे कोण्या गावचं मराठी आहे वं?" पण इंग्रजीपेक्षा तेच बरं होतं. एकेक पान उघडायचं, वरून खालपर्यंत वाचायचं, नसेल तर मागे यायचं. आवाजाचं पान झालं, बॅटरीचं झालं. कुकरच्या चार शिट्या होऊन गेल्या तरी आम्हाला ते सापडलं नाही.

शेवटी सापडलं लॉक स्क्रीनच्या पानावर. बटण दाबल्याबरोबर, आकडा टाकायच्या आधी जे दिसतं, त्याला लॉक स्क्रीन म्हणतात. तिथे अगदी तळाला, बाकी सगळं संपल्यावर, लिहिलेलं होतं 'अद्भुत क्षण', आणि पुढे 'चालू'.

मी ते दाबलं. तर प्रश्न आला. "तुम्हाला खात्री आहे का? आपण अद्भुत क्षणांना मुकाल."

"मुकली ना मी," प्रेमिलाबाई मोबाईलला म्हणाल्या. "पहिल्या भजनाले मुकली. आता अजून कायले मुकाचं राह्यलं?"

खाली दोन बटणं होती. 'चालू ठेवा' हे जाड, निळं, ठसठशीत. 'तरीही बंद करा' हे भाताच्या पेजेसारखं फिकं, की चष्मा लावूनही दिसू नये. हे असं आपोआप होत नाही. कुणीतरी खुर्चीवर बसून ठरवलं असेल की म्हातारीला हे दिसू द्यायचं नाही. आणि त्याच्या खाली अजून बारीक अक्षरांत एक ओळ होती. मी ती मोठ्याने वाचली. "आपण १४ जून रोजी या सेवेस संमती दिली आहे."

प्रेमिलाबाईंनी चष्मा काढला.

"मी संमती दिली?"

"असं लिवलं आहे."

"चौदा जूनले तं मोबाईल घेतला सदरमधून. मी त्या दुकानात फक्त पाणी पेली. तो काऊंटरवाला बोटानं टकटक करत होता, हो हो पुढे, हो हो पुढे. मले वाटलं चालू करून राहिला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. पॉवर हाऊसमध्ये दुरुस्तीसाठी एखादा स्विच बंद केला तर त्यावर लाल पाटी लावतात. काम चालू आहे, स्विच लावू नये. ज्याने बंद केला त्याची सही असते, आणि तोच माणूस येऊन पाटी काढेपर्यंत साहेब आला तरी तो स्विच कुणी लावत नाही. लावला तर आत काम करणारा माणूस जायचा. मारोतरावांची सगळी नोकरी या पाट्यांच्या भरवशावर झाली.

"आणि इथी," त्या म्हणाल्या, "माह्या मोबाईलचा स्विच दुसऱ्यानं लावला, आणि सही माह्या नावाची."

त्यांनी स्वतः बोट पुढे केलं आणि ते फिकं बटण दाबलं. एकदा झालं नाही, दुसऱ्यांदा झालं. मोबाईल विझवला, पेटवला. विठ्ठल-रुखमाई आले. त्यांनी हात जोडले, पण चेहरा काही हलका झाला नाही.

आणि बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकड्याहून आल्या तशा त्या माझ्याकडे आल्या. देवाच्या जागी सोन्याच्या हाराची जाहिरात. रात्रीतून मोबाईलने स्वतःला नवं करून घेतलं होतं आणि जाताना ते परत चालू करून ठेवलं होतं. पहिल्यांदाही ते असंच रात्रीतून सुरू झालं असणार. मला रडूच आलं. त्यांना नाही आलं. त्या म्हणाल्या, "बस खाली. मुळातून काढू."

त्या दिवशी दीड तास लागला. लॉक स्क्रीनवर बंद केलं, आणि मग मोबाईलमध्ये जितकी म्हणून अ‍ॅप आहेत त्यांची यादी काढून त्यात ते शोधलं. ते तिथे दुसऱ्याच नावाने लपलं होतं, पण चित्र तेच. त्यावर 'काढून टाका' नव्हतंच. 'अक्षम करा' होतं. ते दाबलं. त्याच्या सूचना बंद केल्या, त्याला दिलेल्या परवानग्या एकेक करून काढल्या. एकूण सात ठिकाणी बोट लावावं लागलं. ती सातही मी वहीत ओळीने लिहून घेतली. मग प्रेमिलाबाईंनी माझ्याकडून कागद मागितला, त्यावर लाल पेनाने लिहिलं, "बंद केलेले आहे. कोणी चालू करू नये," खाली पूर्ण नावाने सही केली, तारीख टाकली, आणि ती चिठ्ठी घडी करून मोबाईलच्या पारदर्शक कव्हरमध्ये मागून सरकवली.

तीन दिवस रोज सकाळी पाहिलं. देव जागेवर होता.

मी म्हटलं, "आता चला कामिनीबाईकडे. दाखवून देऊ."

"मी नाही जात."

"काहून?"

"मी काही केलंच नाही तं सफाई कायची देऊ? सफाई देली की केलं असं होते."

"मंग काला? तीन दिवसांवर आला काला."

काल्याचं त्यांना किती लागलं होतं ते मला दिसत होतं. उन्नतीताई रोज काकड्याला पहिलं भजन उचलून सराव करत होत्या. सभ्य बाई, आवाज गोड, पण सुरुवातच इतकी वर धरायच्या की दुसऱ्या कडव्याला अर्ध्या बायका गळपटायच्या आणि तिसऱ्याला उन्नतीताई स्वतःच खोकायच्या. खांबापाशी बसलेल्या प्रेमिलाबाई तेव्हा डोळे मिटून घ्यायच्या. एकदा मी पाहिलं, त्यांचं बोट मांडीवर ठेका धरत होतं, खालच्या, सावकाश चालीचा.

काल सकाळी काकडा संपला. बायका पायऱ्यांवर चपला शोधत होत्या. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. कामिनीबाईंना त्यांची एक चप्पल सापडेना, म्हणून त्यांनी टॉर्च लावायला मोबाईल काढला आणि बटण दाबलं. प्रेमिलाबाई खालच्या पायरीवर होत्या. मोबाईल अगदी त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

"कामिनीबाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी पत्ते खेळता का?"

"मी? कोण म्हणते?"

"हे काय मंग."

आम्ही चार-पाच जणींनी वाकून पाहिलं. घट्ट चमकदार कपड्यांतली एक पोरगी, हातात पंख्यासारखे पत्ते धरलेले, आणि खाली लिहिलेलं, रमी खेळा, आजच जिंका.

"अवं, हे तं येतच राह्यते आपोआप," कामिनीबाई म्हणाल्या. "मी कुठी पाह्यते."

"मोबाईल तेच दाखवते ना, जे माणूस पाह्यते?"

कुणी हसलं नाही. कामिनीबाईंनी मोबाईल विझवला, परत पेटवला. आता समुद्र आला, काठावर एक जोडपं. परत विझवला. शामला आजी वरच्या पायरीवरून म्हणाल्या, "का झालं वं? देव आला का?" तेव्हा मात्र हसू फुटलं, आणि कामिनीबाईंचा चेहरा पडला.

"माह्या मोबाईलमधे आलं ते मी पाह्यते म्हणून आलं," प्रेमिलाबाई म्हणाल्या, "आणि तुमच्यात आलं ते आपोआप. असं कसं? दोघीचा मोबाईल एकाच कंपनीचा आहे."

कामिनीबाई एका पायात चप्पल घालून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मले समजलं नव्हतं."

"समजलं नव्हतं तं विचाराचं. ग्रुपवर टाकाले समजलं."

"आता काय करू म्हणता?"

"काही कारणास्तव लिवलं होतं ना? ते कारण लिवा. इथीच."

आणि कामिनीबाईंनी लिहिलं. देवळाच्या पायरीवर बसून. आधी लिहिलं की गैरसमजातून बदल झाला होता. प्रेमिलाबाईंनी वाचलं आणि मान हलवली. मग त्यांनी पूर्ण लिहिलं, की प्रेमिलाबाईंच्या मोबाईलवर कंपनीची जाहिरात आपोआप आली होती, त्यात त्यांचा काही दोष नव्हता, मी त्यांना बोलले ते चुकलं. ग्रुपवर एकेकीचे जोडलेले हात येऊ लागले. प्रत्येकीच्या पदरात मोबाईल टिंग टिंग वाजत होता. मी या वेळी पूर्ण वाचलं आणि मगच हात जोडले.

"पहिलं भजन पण तुमीच उचला," उन्नतीताई मधेच म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. "माय, मले तं दहा दिवस झाले, डोळ्याले डोळा नाही. तेवढ्या खालून मले धरताच येत नाही ते."

प्रेमिलाबाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कामिनीबाईंपुढे हात केला आणि म्हणाल्या, "आणा इकडे तुमचा." तिथेच बसून त्यांनी एकामागून एक सातही ठिकाणी बोट लावलं, वही न पाहता. फिक्या बटणापाशी आल्यावर मोबाईल कामिनीबाईंच्या डोळ्यांपुढे धरला. "हे पाहा. दिसते का? दिसू नये म्हणून असं केलं आहे. आपल्याले येडं समजतात हे." मग रितिकाचा केला, उन्नतीताईंचा केला, शामला आजींचा केला. जिने ते एकटेपणाचं बोलणं बोललं होतं तीही मोबाईल घेऊन रांगेत उभी होती. प्रेमिलाबाईंनी तिचाही केला. तिच्याशी बोलल्या मात्र नाहीत.

कामिनीबाईंनी निदान लिहिलं तरी. त्या चुकल्या, तोंडाने चुकल्या, बोटाने कबूल केलं. पण ज्यांनी चौदा जूनला एका पाणी पिणाऱ्या बाईच्या नावाने हो म्हटलं, ज्यांनी रात्रीतून तिचा बंद केलेला स्विच पुन्हा लावला, त्यांना कुठे गाठायचं? त्यांना देऊळ नाही, पायरी नाही, ग्रुप नाही. त्या फिक्या बटणापाशी तक्रार लिहायला जागा होती, पण ती लिहायलाही आधी एका ठिकाणी 'मी सहमत आहे' दाबावं लागतं. प्रेमिलाबाईंनी ते दाबलं नाही. मीही दाबणार नाही.

काल्याच्या लाह्या जिने पहिलं भजन उचलायचं तिनेच आणायच्या, असा आमच्याकडे नेम आहे. उद्या काला. आज दहा वाजता प्रेमिलाबाई पुढच्या दाराने आल्या आणि पिशवी मागितली. त्या इतवारीच्या बाजारात ज्वारीच्या लाह्या आणायला जाताहेत.